कुत्र्यांची खाऊ सांडणारी कोडी-खेळणी घाऊकात कुठून घ्यावीत? (२५० नग, हातात ७० हजार)

तळेगाव_बोर्डिंग

नमस्कार मंडळी. तळेगाव दाभाड्याला माझं कुत्र्यांचं बोर्डिंग आहे. १८ खोल्या, एक पत्र्याची शेड आणि एक मैदान. मैदान आपलं म्हणायला. जून ते सप्टेंबर तिथे भात लावता येईल. त्या चार महिन्यांत कुत्री आत कोंडून राहतात आणि कोंडलेलं कुत्रं काय करतं ते इथे कुणाला सांगायला नको. एकाने सूर लावला की बाकीचे सतरा साथीला. शेजारच्या बंगल्यातल्या आजोबांनी तर वहीत वेळा टिपून ठेवल्यात, दर रविवारी आणून दाखवतात.

म्हणून गेल्या पावसाळ्यात ठरवलं की प्रत्येकाला सकाळचं अर्धं खाणं वाटीत न देता खेळण्यात भरून द्यायचं. लोळवलं की भोकातून दाणे पडतात, तो प्रकार. क्रॉफर्ड मार्केटला जाऊन प्लास्टिकचे २४ गोळे आणले. दोन अर्धे आटे फिरवून बसवायचे आणि भोकावर एक सरकती झडप. पहिले दोन दिवस शेडमध्ये इतकी शांतता, की मीच दोनदा उठून बघून आले.

आठव्या दिवसापासून रडगाणं सुरू. आट्यांत खाण्याचा चुरा बसून गोळे उघडेनात. मावशी (आमच्याकडे धुण्यापुसण्याचं सगळं त्या बघतात) पक्कड घेऊन बसायच्या. सुलतान नावाच्या लॅब्रडॉरने झडप उपटून खाल्ली; दुसऱ्या दिवशी ती सुखरूप बाहेर आली, पण तोवर माझा जीव टांगणीला. जिलबी नावाच्या बीगलने तर कोडं लोळवलंच नाही, तोंडात धरून पायरीवरून खाली टाकलं. चार मिनिटांत काम फत्ते. महिनाअखेरीस २४ पैकी ९ गोळे धड होते. ज्याच्याकडून घेतले त्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, ते छोट्या कुत्र्यांसाठी होते." घेताना म्हणाला होता, सगळ्यांना चालतात.

आता दिवाळीआधी १५० नग हवेत बोर्डिंगसाठी (एक वापरात, एक धुण्यात, एक वाळत, आणि उरलेले फुटतूट धरून), आणि १०० नग घरी घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकांना विकायला. ब्रँडेड रबरी खेळणं दुकानात नगाला हजाराच्या आसपास पडतं, ते २५० घेतले तर बोर्डिंगच विकावं लागेल. चीनच्या एका कारखान्याने नगाला १.१ डॉलर सांगितलेत, पण किमान ५०० नग घ्या म्हणतो. मागवू का? खेळण्यांना आयएसआय शिक्का लागतो म्हणतात, तो यांनाही लागतो का? आणि मुळात प्लास्टिक की रबर?

करवंटी_वाला

ताई, एवढा खर्च कशाला? आमच्याकडे गुहागरला अर्ध्या करवंट्या फरशीवर पालथ्या घालतो, खाली दाणे. कुत्रं तासभर उलथवत बसतं. नाहीतर पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, ड्रिलने चार भोकं, दोन्हीकडे टोप्या. २० रुपयांत खेळणं.

तळेगाव_बोर्डिंग

दादा, घरच्या कुत्र्याला चालेल, तुम्ही समोर बसलेले असता. माझ्याकडे १८ कुत्री लोकांची आहेत. करवंटीची चीर कुणाच्या घशात गेली तर मालकाला काय सांगू, गुहागरची पद्धत आहे म्हणून? पाइप करून पाहिला होता. सुलतानने टोपी खाल्ली. त्याला टोप्या-झडपांचं काय आहे कळत नाही.

न्हावाशेवा_९७

मी कस्टम्स क्लिअरिंगच्या धंद्यात आहे, आयातीपुरतं बोलतो.

शिक्क्याची भीती सोडा. २०२१ च्या जानेवारीपासून खेळण्यांना बीआयएसचा (म्हणजे तोच आयएसआय) शिक्का सक्तीचा झाला तो १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना. कस्टम्सच्या यादीतल्या ९५ व्या प्रकरणाच्या टिपेतच लिहिलंय की आकारावरून, घडणीवरून फक्त प्राण्यांसाठीच आहे असं दिसणारी वस्तू ९५०३ मध्ये (हा मुलांच्या खेळण्यांचा क्रमांक) धरायची नाही. ती तिच्या मालाप्रमाणे जाते: प्लास्टिकची असेल तर ३९२६, रबराची असेल तर ४०१६. हे साधं वाटतं, पण पैसे इथेच वाचतात. मुलांच्या खेळण्यांवरचा कर २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केला आणि २०२३ मध्ये ७०. कारखानदाराने इनव्हॉइसवर नुसतं 'टॉय' लिहून पाठवलं की तुमचा माल अडकलाच समजा. 'कुत्र्यांसाठी खाऊ-वाटप गोळा, प्लास्टिक' असं पूर्ण वर्णन लिहून घ्या, सोबत फोटोवाला कॅटलॉग. आणि खाऊसकट पॅक केलेला सेट चुकूनही मागवू नका. प्राण्यांचं खाद्य आलं की पशुसंवर्धन खात्याचा वेगळा परवाना लागतो.

पण तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही खेळणी मागवत नाही, हवा मागवताय. पोकळ गोळा खोक्यासकट १० × १० × १२ सेंमी धरा, म्हणजे १२०० घनसेंमी. २५० नगांचे ३ लाख. विमान-कुरियरवाले ५००० ने भागून वजन काढतात, म्हणजे ६० किलो. प्रत्यक्ष माल भरेल २७-२८ किलो. ६० किलोचे पैसे द्याल. समुद्राने आणलं तर २५० नग म्हणजे ०.३ घनमीटर, पण सुट्या मालाच्या कंटेनरमध्ये किमान १ घनमीटरचं भाडं लावतात. तुमचे ५०० नग घेतले तरी ०.६. शिवाय बंदरावर डिलिव्हरी ऑर्डर, गोदाम, हाताळणी, आमचे पैसे. हे आकडे मालाच्या आकारावर कमी आणि कागदांच्या संख्येवर जास्त चालतात. ८०० च्या वर नग असतील तर विचार करा. १.१ डॉलर हा आकडा बघून हुरळू नका, तो त्यांच्या दारातला भाव आहे.

तरी मागवायचंच असेल तर आधी आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी कोड) काढा, ऑनलाइन निघतो, फी ५०० रुपये. आणि जे १०० नग विकणार त्यांवर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, कुठल्या देशात बनलं, तक्रारीचा नंबर, असं सगळं छापील लेबल लागेल.

तळेगाव_बोर्डिंग

हवा मागवताय! हे वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. तो महिनाभर हेच सांगत होता म्हणे. सांगत नव्हता.

भोसरी_रबर

ताई, मी भोसरी एमआयडीसीत ३१ वर्षं रबर मोल्डिंग करतो. बुश, माउंटिंग, ग्रोमेट, गाड्यांचे पार्ट. कुत्र्यांचं खेळणं म्हटल्यावर तुम्हाला वाटेल हा म्हातारा मध्ये कुठून आला. पण ज्या रबरी खेळण्याचं नाव तुम्ही घेतलं नाहीत आणि जे हजाराला पडतं, त्याची गोष्ट माहीत आहे का? १९७० च्या दशकात अमेरिकेत कोलोराडोला जो मार्कहॅम नावाचा माणूस होता. त्याचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दातांची वाट लावत होता. हा बसला होता फोक्सवॅगनची बस दुरुस्त करत. सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा बाजूला टाकला, तर कुत्र्याने दगड सोडून तो धरला. तिथून काँग हा ब्रँड. म्हणजे मूळ आमच्याच धंद्यातलं. आमच्या वॉचमनची कुत्री गेली वीस वर्षं रिजेक्ट बुश चावतायत, पण पेटंट घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

आता कामाचं.

२५० नगांसाठी प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डच्या नादी लागू नका. तो मोल्ड हजारोंच्या मालासाठी असतो. रबराचा कॉम्प्रेशन मोल्ड (रबर साच्यात दाबून शिजवायचा) स्वस्त पडतो आणि कमी नगांना परवडतो. दोन खणांचा, आत पोकळी पाडायला खुंट असलेला, ४० हजारांच्या आसपास. पोकळी तोंडापेक्षा रुंद असली तरी अडचण नाही. गरम असताना रबर ताणून खुंटावरून ओढून काढतात, लहान मुलाच्या पायातून मोजा काढावा तसं. प्लास्टिकचा गोळा दोन तुकड्यांत करावा लागतो तो यासाठीच, आणि तुमचे आटे तिथेच बसले. रबराच्या एकसंध खेळण्याला आटे नाहीत, झडप नाही, टोपी नाही. सुलतानला खायला काही उरत नाही.

नगाला १८० ग्रॅम धरू. २५० नग म्हणजे ४५ किलो. नीडरमध्ये (रबर मळायच्या यंत्रात) एक घाणा साधारण तेवढाच निघतो, त्यामुळे तुमचा आकडा योगायोगाने बरोबर बसलाय. १०० नग म्हणाला असतात तर उरलेल्या कंपाउंडचं (मळलेल्या रबराच्या मिश्रणाचं) काय करू हा प्रश्न होता. एक खेप भरून, शिजून, काढून १२ मिनिटं. दोन नग. तासाला १०. तीन पाळ्यांचं काम. फ्लॅश (कडेने बाहेर आलेलं जास्तीचं रबर) कापणं हाताने. सगळं धरून नगाला ११० रुपये. २७,५०० आणि मोल्ड ४०,०००, म्हणजे ६७,५००, वर जीएसटी. तुमची नोंदणी असेल तर त्याची वजावट मिळेल. पुढच्या वर्षी मोल्डचे पैसे नाहीत, फक्त ११०. मोल्ड तुमच्या नावावर, माझ्याकडे नुसता ठेवायला.

पण हे वाचून उद्या जवळच्या कुठल्याही रबरवाल्याकडे जाऊन "कुत्र्याचं खेळणं टाक" म्हणू नका. तो गाडीचं कंपाउंड टाकेल. वाईट माणूस म्हणून नव्हे, त्याच्याकडे तेच पडलेलं असतं म्हणून. गाडीच्या रबरात ऊन-ओझोन सोसण्यासाठी जे पडतं आणि मऊपणासाठी जी तेलं पडतात ती तोंडात जायच्या लायकीची नाहीत. मी खाण्याच्या संपर्काचं कंपाउंड वेगळं घेतो: नैसर्गिक रबर, त्यातही धुरी दिलेली शीट नाही तर पेल क्रेप, कारण धुरीचा वास जात नाही आणि कुत्र्याचं नाक आपल्यासारखं नाही. भरायला सिलिका, चुनखडीची पूड. अँटिऑक्सिडंट डाग न पाडणारं. ॲक्सिलरेटर (रबर लवकर शिजवणारी रसायनं) थायुरम जातीचे नकोत, त्यांतून नायट्रोसमाइन हे घातक पदार्थ तयार होतात; बाळांच्या निपलला जी काळजी घेतात तीच. हे सगळं कागदावर लिहून मागा आणि देणाऱ्याने का-कू केली तर उठा.

कडकपणा शोअर ए वर (रबराचा कडकपणा मोजायची पट्टी) ६५ सांगा. पिल्लांसाठी ५५ चा वेगळा घाणा लागेल, तो आत्ता नको.

आणि एक. त्या ब्रँडचा तीन गोळे एकावर एक ठेवल्यासारखा आकार हुबेहूब करून मागू नका. करणारे आहेत. मी नाही.

सातारा_पशुवैद्य

काकांनी रबराचं सांगितलं, मी टाक्यांचं सांगतो.

भोकं दोन हवीत. दोन्ही बाजूंना. एकच भोक असलेल्या पोकळ चेंडूत कुत्रं जीभ घालून चाटतं, आतली हवा ओढली जाते आणि जीभ अडकते, सुजते, मग निघत नाही. दुसऱ्या टोकाला बोटाच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी निर्वात होत नाही. काका, मोल्डमध्ये हे धरलंय ना?

कडकपणा मोजायचं यंत्र नसेल तर नख रुतवून बघा. नख अजिबात रुतत नसेल इतकं कडक खेळणं म्हणजे वरच्या जबड्यातल्या चौथ्या प्रीमोलरचं (चावायच्या मोठ्या दाढेचं) कल्याण. नायलॉनची हाडं, शिंगं, खूर चावणाऱ्या कुत्र्यांचे तेच दात फुटून येतात माझ्याकडे. आणि आकार: सगळ्यांत मोठ्या कुत्र्याच्या तोंडात मागच्या दाढांपलीकडे जाणार नाही एवढा. बीगलला मोठं खेळणं चालतं, लॅब्रडॉरला लहान चालत नाही. तुम्ही एकच माप करणार असाल तर मोठंच करा.

प्लास्टिकचे तुकडे पोटात गेले तर साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाहीत. तुमच्या सुलतानची झडप बाहेर आली म्हणून ठीक. कुठलंही खेळणं परत घेताना अख्खं आहे का बघायची सवय लावा, तुकडा गायब असेल तर मालकाला त्याच दिवशी सांगा.

भरायला रोजचंच खाणं, त्या दिवसाच्या मापातून काढलेलं. वरून जास्तीचं नको, दिवाळीत आठ दिवस राहून कुत्रं दोन किलोने वाढून जातं. ओलं भरायचं तर दहीभात, शिजवलेला लाल भोपळा. शेंगदाण्याचं लोणी देणार असाल तर डब्यावर झायलिटॉल आहे का वाचा. शुगर-फ्री प्रकारात असतं आणि कुत्र्याला ते विष आहे. मनुका-द्राक्षंही नाहीत. १०० नग विकणार आहात ना, त्यासोबतच्या चिठ्ठीवर हे छापा. लोक प्रसादाच्या मनुका भरतील.

भोसरी_रबर

डॉक्टर, धरलं नव्हतं. खुंटाचं टोक समोरच्या प्लेटला टेकवलं की दुसरं भोक आपोआप पडतं, आणि खुंट मध्यभागी राहायलाही मदत होते. ८ मिलिमीटर करतो. बरं झालं बोललात, स्टील अजून कापलेलं नाही.

तळेगाव_बोर्डिंग

काका, डॉक्टर, दोघांचेही आभार. मी रविवारी भोसरीला जाऊन आले. बाकीच्यांसाठी लिहिते.

काकांनी जुन्या एका मोल्डवर थोडे बदल करून १२ नमुने काढून दिले. ही ५ आठवड्यांपूर्वीची गोष्ट, लिहायला उशीर झाला कारण आधी कुत्र्यांना विचारायचं होतं.

पहिल्या दिवशी मी एक नमुना कुकरमध्ये घालून तीन शिट्ट्या दिल्या. काका म्हणाले होते २० मिनिटं उकळा, पण माझ्याकडे घड्याळापेक्षा शिट्ट्यांवर भरवसा. वास थोडा आला, दुसऱ्यांदा उकळल्यावर गेला. रंग सुटला नाही. एक नमुना मध्ये कापून बघितला (हे काकांनीच सुचवलं, दर घाण्याचा एक कापा म्हणाले): भिंतीची जाडी एका बाजूला ९ आणि दुसऱ्या बाजूला १३ मिलिमीटर. खुंट सरकला होता. नवीन मोल्डमध्ये खुंट दोन्हीकडे टेकलेला असेल, मग होणार नाही म्हणतात.

सुलतान आमच्याकडे पुन्हा ६ दिवस होता. दाताचे ठसे उठले, तुकडा निघाला नाही. जिलबीने सवयीप्रमाणे पायरीवरून टाकलं, ते उसळून तिच्याच नाकावर आलं. आता ती लोळवते. एक कारवानी मिश्रण आहे, वाघ्या, लातूरकडचा. त्याने खेळण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन झोपला. त्याला वाटीतच देतो. काही कुत्र्यांना कोडी घालू नयेत.

शांततेचं म्हणाल तर कोरडे दाणे भरले की १०-१५ मिनिटं. दहीभात भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं की पाऊण तास. पण १८ खेळणी मावतील असा फ्रीझर नाही, त्यामुळे गोठवलेली फक्त भुंकणाऱ्या रांगेला. प्रत्येकाला आपापल्या खोलीत, दार लावून; दोघांत एक खेळणं टाकायची चूक मी एकदाच केली.

घोडं अडलं ते मावशींपाशी. तुम्ही सगळ्यांनी दात, जीभ, कर, घनमीटर सगळं सांगितलंत, धुण्याचं कुणी विचारलं नाही, मीसुद्धा. तोंडाचं भोक २२ मिलिमीटरचं. त्यातून बाटली धुवायचा ब्रश जात नाही, जेमतेम कोंबला तर परत येत नाही. दहीभात आत खालच्या कडेला राहतो, दुसऱ्या दिवशी आंबतो, आणि मुंग्या. मावशींनी उरलेले अकरा नमुने बादलीत भिजत घातले, त्यातले चार उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि म्हणाल्या, "ही अडीचशे तुम्ही धुणार असाल तर घ्या."

तर काका, भोक २७ चं करता येईल का? ब्रश मोजून लिहितेय. दाणे भसाभस सांडतील हे कळतंय, पण तोंडाशी आत वळलेले दोन-तीन ओठ ठेवले तर दाणे अडतील आणि ब्रश वाकून आत जाईल, असं मला वाटतं. चूक असेल तर सांगा. आणि एक रंग वेगळा मिळेल का? औषध घेणाऱ्या कुत्र्यांची खेळणी वेगळ्या बादलीत धुवायची आहेत.

भोसरी_रबर

ओठांचं डोकं चांगलं चाललंय. खुंटावर खाचा पाडल्या की ओठ येतात, ते सोपं. भोक मोठं करायचं म्हणजे मात्र खुंटाची मान जाड करायची. तुमचे खुंट एव्हाना कापून झालेत; स्टील घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही, तेव्हा नवा खुंट. दोन खणांचे दोन, ३,५०० रुपये वाढतील. रंगाचं, तोच घाणा दोन भागांत करून अर्ध्यात वेगळा रंग टाकतो, त्याचे पैसे नाहीत.

नवा खुंट लेथवर चढवायच्या आधी मला तो ब्रश हातात हवा. माप लिहून चालत नाही, केस किती दबतात ते बघायला लागतं. सोमवारी दुपारी ३ नंतर या. मावशींना घेऊन आलात तर अजून बरं.